मांडवाच्या वर जीप

पाण्याची टाकी टेकडीवर पोचवायची, एवढंच काम होतं. टाकी काळी, प्लास्टिकची, रिकामी. टेकडी पहूरपासून आत गेलं की लागते ती, पितांबर आबांच्या शेताची. आणि गाडी समाधान तायडेची स्वतःची. सेकंडहँड, पण चारही चाकांत ताकद असलेली जीप. पितांबर आबा हे समाधानचे सासरे. टेकडीच्या माथ्यावर त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या, बोअरला पाणीही लागलं होतं. ते साठवायला काही नव्हतं, म्हणून जावयानं जळगावहून टाकी घेतली.

"उद्या तोताराम भाऊचं ट्रॅक्टर रिकामं राहीन," आबा फोनवर म्हणाले होते. "आज त्याच्या पोरीचा साखरपुडा हाये. उद्या नेऊ टाकी."

याला शहाणपण म्हणतात. पण ज्याच्या दारात अशी जीप उभी आहे त्याला ट्रॅक्टरची वाट बघायला सांगणं म्हणजे नव्या जावयाला दारातच "जेवूनच आला असाल" म्हणण्यासारखं आहे. समाधान म्हणाला, "आबा, या जीपला रस्ता लागत नाही. आज येतो."

समाधान पिंप्राळ्यात राहायचा आणि वरणगावकडच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. शिडी नीट टेकली आहे का, डोक्यावर हेल्मेट आहे का, हे बघण्यात त्याचा दिवस जायचा. घरी बायको प्रज्ञा माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली, तर हा स्टूल धरायला आतल्या खोलीतून धावत यायचा. अशा माणसाच्या गाडीखाली एखाद्याचा साखरपुडा सापडेल, असं कुणी म्हटलं असतं तर कॉलनीनं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

टाकी जीपच्या टपावर बांधताना कॉलनी जमलीच होती. कुणी गाठ सुचवली, कुणी गाठ सोडून दुसरी सुचवली. समोरच्या बंगल्यातले निवृत्त पोस्टमास्तर गेटवर उभं राहून म्हणाले, "तायडे, एक लक्षात ठेवा. चढ कधी सरळ चढू नये. बैल तिरपा चढतो."

खरं म्हणजे उभ्या चढावर गाडी सरळच घालायची असते. आडवी गेली की ती कलते आणि टपावर ओझं असलं की जास्तच कलते. समाधानला हे माहीत होतं. पण मास्तरांनी बैलाचा दाखला इतक्या अधिकारानं दिला होता, की तो टेकडीच्या पायथ्यापर्यंत डोक्यात राहिला.

पायथ्याशी तोताराम भाऊंचं खळं. खळ्यात मांडव, मांडवात सोफा, सोफ्यामागे पडद्यावर थर्माकोलच्या अक्षरांत नवरीचं नाव, 'कामिनी'. बाजूला आचारी बट्ट्या वळत होता आणि वरणाच्या पातेल्याखालचा जाळ नुकता धरला होता. पाहुणे धुळ्याकडून निघाले होते. समाधाननं मांडवाला वळसा घातला, हॉर्न वाजवून तोताराम भाऊंना नमस्कार केला आणि जीप चढावर घातली. तिरपी.

अर्ध्यापर्यंत ती छान चढली. तो अर्धा चढ समाधानला पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिला. मग टपावरच्या टाकीनं दोरातल्या दोरात एक हिसका दिला, गाडी खालच्या अंगाला झुकली आणि मागचं उजवं चाक गेल्या पावसानं पाडलेल्या वघळीत गेलं. समाधाननं पाय दाबला. चाक जागच्या जागी फिरलं, मागे मुरूम उडाला आणि गाडी आणखी कलली. शेजारी बसलेल्या प्रज्ञाच्या खिडकीत आता नुसतं आभाळ होतं. समाधानच्या खिडकीत तोताराम भाऊंचा मांडव होता, अगदी बरोबर खाली.

"उतरू?" प्रज्ञानं विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची; तिचे प्रश्न असेच थोडक्यात असत.

"थांब. हँडब्रेक... गिअर टाकला... इंजिन बंद. आता तुझ्या दारानं, हळू. वरच्या बाजूला उतर."

"आणि तू?"

"मी पण तुझ्याच दारानं."

गाडीचा मालक गिअरच्या दांड्यावरून सरपटत बायकोच्या दारानं बाहेर आला, हे खाली खुर्च्या मांडणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं. पण समाधान उतरल्या उतरल्या कामाला लागला. त्यानं मोठे दगड शोधले, वरच्या बाजूनंच वाकून चाकांमागे घट्ट ठोकले आणि मग कपाळ पुसलं. तोवर वरून पितांबर आबा विळा घेऊन उतरले होते.

"पडली का गाडी?"

"पडली नाही आबा, अडकली."

"मंग पडीन कव्हा?"

आबांचा प्रश्न चौकशीचा होता, त्यात खोच नव्हती. तरी समाधानला तो लागला. "पडणार नाही. आधी टपावरचं ओझं उतरवलं पाहिजे," असं म्हणून त्यानं विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. विम्यासोबत गाडी ओढून न्यायची सेवा मिळालेली होती.

"सर, गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या?" पलीकडून एका गोड आवाजानं विचारलं.

"वरच्या."

"सॉरी सर?"

"इथे रस्ता नाही. टेकडी आहे. गाडी टेकडीवर आहे."

"सर, आमची सेवा रस्त्यावरच्या वाहनांसाठी आहे."

"अहो, पण ही गाडीच रस्ता नसलेल्या जागेसाठी आहे!"

"हो सर, खूप छान गाडी आहे सर. तुम्ही ती फक्त रस्त्यावर आणा, आम्ही लगेच ओढून नेऊ."

समाधान उत्तराचे शब्द जुळवत असताना त्याच्या मागे काहीतरी सुटल्याचा आवाज झाला. आबांनी जावयाचं म्हणणं ऐकलं होतं, ओझं उतरवलं पाहिजे. त्यांनी विळ्यानं दोर कापून ते उतरवलं. टाकी टपावरून घरंगळली, एकदा आपटली, उडाली आणि चढावरून सुसाट निघाली. आचारी परात सोडून पळाला. टाकी वरणाच्या पातेल्याला न शिवता मांडवात शिरली, सोफ्यावरून उडून पडद्याला धडकली आणि 'कामिनी'मधला 'का' घेऊन पलीकडच्या कपाशीत जाऊन थांबली. सोफ्यामागे 'मिनी' उरली.

कुणाला खरचटलंही नाही. पण तोताराम भाऊ चढ चढून आले तेव्हा त्यांच्या हातात थर्माकोलचा एक काना होता.

"पाव्हने, हे काय चालू हाये?"

"तोताराम भाऊ, मांडव हलवावा लागेल," समाधान म्हणाला. माफी मागायची होती, पण तोंडून आधी हेच आलं. धंद्याची सवय. "टाकी आली त्याच वाटेनं गाडी येऊ शकते. ती काढेपर्यंत खाली एकही माणूस नको."

"मांडव हालव? पाहुने पहूरपर्यंत आले! शुभकार्याचा मांडव एकदा रोवला का तो हालत नाही."

"गाडी हलते, भाऊ."

"तुमची गाडी हालते म्हून आमी पोरीचं कार्य हालवाचं?"

तोताराम भाऊंचं म्हणणं खरं होतं आणि त्याचंही खरं होतं. दोन खरी माणसं समोरासमोर उभी राहिली की तिसऱ्यानं बोलावं लागतं. ते काम नवरीनं केलं. कामिनी हिरव्या साडीच्या निऱ्या हातात धरून खळ्यात येऊन उभी राहिली होती. तिनं वर लटकलेल्या जीपकडे बघितलं, मग सोफ्याकडे.

"बाबा," ती खालूनच ओरडली, "मी तिथं बसनार नाही. आधी गाडी काढा, मंग सुपारी."

"आमच्या आंगनात करा ना," आबा म्हणाले. "वरती जागा हाये, सावली हाये. वरण बी वरती नेऊ."

तोताराम भाऊंनी हातातला काना खिशात घातला. "बरं," ते म्हणाले. "मी ट्रॅक्टरवर सामान टाकतो आन मागच्या वाटेनं वरती आनतो. त्याच ट्रॅक्टरनं तुमची गाडी ओढू."

"मागची वाट?" समाधाननं आबांकडे बघितलं. "मागून वाट आहे?"

"हाये ना. गाडवाट हाये, चांगली रुंद. जरा लांबून पडते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी म्हने जीपले रस्ता लागत नाही."

प्रज्ञा तोंड फिरवून टेकडीच्या पलीकडचा देखावा बघू लागली. तिचे खांदे हलत होते.

साखरपुडा वर चालला. खुर्च्या, सोफा, पातेली, बट्ट्यांच्या पराती, भटजी आणि उरलेली 'मिनी', सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माथ्यावर गेलं. पाहुण्यांची बस पायथ्याशी थांबवून पाहुण्यांनाही गाडवाटेनं वर नेलं. खाली कुत्रंही उरलं नाही, याची समाधाननं स्वतः खात्री केली. नवऱ्या मुलाचे वडील पुनाभाऊ हे शिंदखेड्याकडचं भारदस्त प्रकरण होतं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मिशाही पांढऱ्या. त्यांनी आल्याआल्या मानाची खुर्ची मागितली. ती मिळाल्यावर उचलून माथ्याच्या कडेला, ट्रॅक्टरच्या शेजारी नेऊन ठेवली आणि तमाशाला पहिल्या रांगेत बसावं तसे बसले.

"दादा, इथे बसू नका," समाधान म्हणाला. "दोर ताणला की त्याच्या रेषेत कुणी नको. तुटला तर झटका इकडेच येतो."

"काय नही व्हत. मी आठेच बठस. वरबापले कोन उठाडस?"

"दादा, ऐका..."

"तुम्ही गाडी काढा साहेब. आम्ही दखतस."

दुसरीकडे नवलभाऊंनी अडवलं. गावच्या सरपंच त्यांच्या पत्नी होत्या, पण ग्रामपंचायत म्हणजे नवलभाऊ, यात गावात दुमत नव्हतं. चढाच्या वरच्या अंगाला एक जाडजूड निंब होता. गाडी खाली लवंडू नये म्हणून चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, एक दोर बांधून तो निंबाला गुंडाळायचा, असं समाधाननं ठरवलं होतं.

"निंब गायरानात येतो," नवलभाऊ म्हणाले. "पंचायतीचं झाड. त्याले दोर बांधाचा तर अर्ज लागतो. मासिक सभेत ठेवीन मी."

"सभा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"नवलभाऊ, गाडी आत्ता पडतेय!"

"मंग अर्जात 'तातडीचे' असं लिहा."

समाधान या मुद्द्यावर बोलत राहिला, आणि बोलणं आवरून नवलभाऊ मदतीच्या भावनेनं विहिरीचा जुना नाडा घेऊन खाली गेले. पंचायत झाडाच्या बाबतीत कडक होती, गाडीच्या बाबतीत उदार. त्यांनी नाड्याचं एक टोक ट्रॅक्टरला अडकवून दुसरं जीपच्या पुढच्या बंपरला बांधलं. बंपर चकचकीत होता, हाताशी होता, आणि नाडा बांधायला जणू त्यासाठीच केलेला दिसत होता. खाली चासीला ओढण्याचे मजबूत हूक असतात, हे नवलभाऊंना कोण सांगणार? ज्यानं सांगायचं तो प्रज्ञाला सांगत होता की या गावात नियम कसे चालतात.

प्रज्ञाचं लक्ष मात्र पुनाभाऊंकडे होतं. ती त्यांच्याजवळ गेली आणि डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "दादा, तिकडे नवरीची ओटी भरायची आहे. सासऱ्याशिवाय बायका हात लावत नाहीत म्हणतात."

असा काही रिवाज नव्हता. पण पुनाभाऊंना तो लगेच पटला. ते उठले, धोतर झटकलं आणि घरामागच्या अंगणाकडे चालू लागले.

"वढू का?" ट्रॅक्टरवरून तोताराम भाऊंनी विचारलं.

"वढा!" नवलभाऊ चढावरून वर येत ओरडले.

समाधान वळला. नाडा कशाला बांधलाय ते त्याला दिसलं. "थांबा! बंपर नको! थांबा!" तो ओरडला, पण ट्रॅक्टरच्या आवाजात ते विरलं. तोताराम भाऊंनी नाडा ढिला असतानाच ट्रॅक्टर हिसक्यानं पुढे घेतला. नाडा ताणला, कुठेतरी पत्रा फाटल्यासारखा आवाज आला आणि बंपर जीपपासून सुटला. नाड्याच्या टोकाला बांधलेला तो लोखंडी तुकडा नवलभाऊंच्या बाजूनं वाऱ्यासारखा वर आला, मानाच्या खुर्चीत बसला आणि खुर्चीसकट आबांच्या भिंतीवर आदळला.

ट्रॅक्टर बंद झाला. अंगणातल्या बायकांचं गाणं थांबलं. जीप जागेवरच होती. चाकांमागच्या दगडांनी तिला धरून ठेवलं होतं. खुर्चीचे मात्र चार पाय चार दिशांना पडले होते. पुनाभाऊ परत आले आणि त्यांनी वाकून त्यातला एक पाय उचलला.

"मी आठे बठेल व्हतू," ते हळूच म्हणाले.

समाधान आबांच्या ओट्यावर खाली बसला. टाकीच्या वेळी हसू आलं होतं, आता येत नव्हतं. प्रज्ञानं त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं.

"गाठ मी बघायला हवी होती," तो म्हणाला.

"हो," प्रज्ञा म्हणाली. "आता बघ."

दुसरी एखादी बायको म्हणाली असती, तुमची काय चूक. पण प्रज्ञाच्या त्या तीन शब्दांनी त्याचे पाय पुन्हा जमिनीवर टेकले. तो उठला आणि पुनाभाऊंकडे गेला. काही बोलण्याआधीच पुनाभाऊंनी वळून वऱ्हाडाला दरडावलं, "मांगे सरका रे बठ्ठा! साहेब काय सांगी राह्यनात ते ऐका!"

यानंतर समाधानला आवाज चढवावाच लागला नाही. तो सांगे आणि पुनाभाऊ ते वटहुकुमासारखं जाहीर करत. बसच्या ड्रायव्हरकडे गाडी ओढायचा रुंद पट्टा निघाला. समाधाननं तो स्वतः खाली वाकून चासीच्या हुकात अडकवला, ओढून बघितला, पुन्हा बघितला. पट्ट्यावर आबांच्या घरातली गोधडी पाण्यात भिजवून टाकली, म्हणजे पट्टा तुटलाच तर उडायच्या आधी खाली बसेल. चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. वघळीच्या तोंडाशी खणून चाकासमोर सपाट दगड लावले. निंबाच्या खोडाला पोती गुंडाळून त्यावरून दुसरा दोर घेतला. नवलभाऊ जवळच होते. ते म्हणाले, "घ्या बांधून. कार्योत्तर मंजुरी देऊ."

गावातले तरणे लोक हातानं गाडी ओढायला बाह्या सरसावून उभे होते. त्यांना न ओढण्याचं काम देणं अवघड होतं. समाधाननं त्यांना निंबाच्या वरच्या अंगाला उभं केलं. "हा दोर ओढायचा नाही. खोडाला वेढा आहे, तो धरून ठेवायचा. मी हात केला की थोडा सोडायचा. नुसता सोडायचा." सोडण्यालाही ताकद लागते हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, त्यामुळे ते खूष झाले.

मग एकच काम उरलं. स्टिअरिंग धरायला कुणीतरी आत बसायला हवं होतं.

"रिकामी नाही का ओढता येत?" प्रज्ञानं विचारलं. तिचा आवाज या वेळी थोडा मोठा झाला.

"चाक वळवलं नाही तर परत वघळीत जाईल. आता निंबाचा दोर आहे. ती लवंडणार नाही."

"गाठ बघितलीस?"

"बघितली."

"कोणी बांधली?"

"मीच."

ती बाजूला झाली. तो वरच्या दारानं आत शिरला, सरपटत ड्रायव्हरच्या सीटपर्यंत गेला, सीटबेल्ट लावला. खिडकीतून खाली मोकळं खळं दिसत होतं. विझत चाललेल्या चुलीचा धूर आणि एक उलटी चप्पल, बस.

"हळू, तोताराम भाऊ! हिसका नको!" तो ओरडला.

"हयू!" पुनाभाऊ ओरडले. "हयू वढा!"

पट्टा हळूहळू ताणला. समाधाननं सगळ्यात खालचा गिअर टाकून पाय अलगद ठेवला. काही क्षण काहीच झालं नाही. मग मागचं चाक दगडावर कुरकुरलं, घसरलं, पुन्हा धरलं. गाडी खालच्या अंगाला एकदा हलली. निंबाचा दोर कडक झाला आणि त्यानं तिला थोपवून धरलं. समाधाननं खिडकीबाहेर हात केला. तरण्यांनी थोडा सोडला. चाक वघळीच्या काठावर आलं, काठ ढासळला, आणि काठाच्या वरचा मुरूम त्याला लागला. मग जीप सरळ झाली. सरळ तोंडानं, ट्रॅक्टरच्या मागोमाग, म्हाताऱ्या म्हशीसारखी एकेक पाऊल टाकत ती माथ्यावर आली आणि आबांच्या दारात उभी राहिली.

टाळ्या पडल्या. आचाऱ्यानं पळी पातेल्यावर वाजवली. समाधान उतरला, तेव्हा पुढून पाणी ठिबकत होतं. बंपर जाताना रेडिएटर फाडून गेला होता. मेकॅनिक जळगावहून आल्याशिवाय गाडी आता कुठेही जाणार नव्हती. टाकी वर न्यायची होती ती खाली कपाशीत होती. गाडी खाली न्यायची होती ती वर होती.

"टाकी उद्या आनू," तोताराम भाऊ म्हणाले. "ट्रॅक्टरनं."

समाधान म्हणाला, "हो."

साखरपुडा आबांच्या अंगणात झाला. सोफ्यामागचा पडदा वाऱ्यानं फडफडत होता. तोताराम भाऊंनी तुटलेला काना कपाशीतून आणलेल्या ककाराला चिकटवून पुन्हा 'कामिनी' पुरी केली होती; काना जरा तिरपा बसला होता. सुपारी फुटली. तोताराम भाऊंनी पंगतीत आबांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि आबांच्या ताटात स्वतः तूप वाढलं. वरणाला धूर लागला होता, पण कुणी तक्रार केली नाही. समाधानला आग्रह इतका झाला, की शेवटची बट्टी त्यानं रुमालात बांधून घेतली.

परत जायचं कसं, हा प्रश्न पुनाभाऊंनीच सोडवला. बस धुळ्याला जळगाववरूनच जाणार होती. त्यांनी समाधानला आपल्या शेजारच्या खिडकीपाशी बसवलं, प्रज्ञाला नव्या सुनेच्या नणंदांमध्ये जागा करून दिली आणि ड्रायव्हरला बजावलं, "हयू चालाड रे. काय शंका वनी ते साहेबले इचार." ड्रायव्हरनं खरंच एका वळणाआधी मागे वळून विचारलं, तेव्हा समाधान दचकून म्हणाला, "पुढे बघा, पुढे बघा!" आणि पुनाभाऊंनी ते मोठ्यांदा पुन्हा सांगितलं.

पिंप्राळ्याच्या फाट्यावर बस थांबली. संध्याकाळचे दिवे लागत होते. पुनाभाऊ दारापर्यंत आले, त्यांनी समाधानचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनात.

"लगीनले नक्की या साहेब. दोन्ही जन या." ते म्हणाले. "पन एष्टीमा या."

प्रज्ञाच म्हणाली, "एसटीनंच येऊ, दादा. आणि मी याला ड्रायव्हरपासून लांब बसवीन."